पडणाऱ्यांसाठी शिवलेली गादी

बाई गेल्या हे ज्या दुपारी कळले, त्या दुपारी मी कामाच्या खोलीत दारामागे उभी होते. घडी घातलेली, बक्कल लावलेले, पट्टे वर काढलेले. शुक्रवार होता. रविवारची तयारी बाई शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधीच करून ठेवत, म्हणून मी तयार होते.

गादीवाले एका खुर्चीची बैठक ठोकत होते. तोंडात सहा-सात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेले होते. फोन वाजला. तोंड भरलेले असल्यामुळे त्यांनी नुसते "हं" केले. पलीकडचे माणूस बराच वेळ बोलत राहिले. गादीवाल्यांनी तोंडातली एकेक चूक काढून डबीत टाकली. सगळ्या काढून झाल्यावर त्यांनी विचारले, "कुठल्या गल्लीत?"

पलीकडून उत्तर आले ते मलाही ऐकू आले. "अहो, गल्लीचं काय घेऊन बसलात? तुम्ही हॉस्पिटलात या."

ते गेले. हातोडी खुर्चीवरच राहिली. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणतात. गादीवाल्यांनी मला दारामागून काढले, जमिनीवर उलगडले आणि ते माझ्यावर बसले.

"अरे, असा खाली काय बसतोस? वर बस," आक्का म्हणाली.

"खाली कुठे? गादीवर बसलोय."

 आक्काही माझ्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. बाई रस्त्यावरच गेल्या होत्या. वहीत मीटरचा आकडा लिहिता लिहिता त्यांचे हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले.

मग गादीवाले म्हणाले, "रविवारी नवा दगड दाखवणार होती."

"कुठला?"

"सांगितलं नाही ना. म्हणाली, आजपर्यंतचा सगळ्यात चांगला आहे. कुठे ते सांगितलं तर तुम्ही आधीच जाऊन पडायची जागा मोजून याल. मग मजा काय राहिली?"

मित्रांनो, आता मी कोण ते सांगते. तुम्ही रात्री अंग टाकता ती गादी मी नाही. पाहुणे आले की पुढे सरकवतात तीही नाही. माणूस उंच दगडावर चढतो, त्याचा हात सुटतो आणि तो खाली येतो, तेव्हा त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये असते ती मी. शहाणे लोक या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. दोर नाही, खुंट्या नाहीत. दोन हात, दोन पाय, चिमूटभर पांढरी पूड आणि खाली मी. माझे वय आता दहा वर्षे आहे. फोमच्या आयुष्यात ते बरेच झाले.

मला शिवले गादीवाल्यांनी. सोफे, खुर्च्या, बसच्या बैठका असे सगळे ते करत. सगळा मोहल्ला त्यांना गादीवाले म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. आणि त्यांची बायको म्हणजे आमच्या बाई, मीटरबाई. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचणे हे त्यांचे काम. मीटर कधी दारात नसतो. तो असतो मोरीमागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. बाई वाकड्या सळईच्या आकड्याने झाकण उचलत, विंचू-कोळी आहे का पाहत, बॅटरी मारत, आकडा वहीत लिहीत. वीस वर्षे झाकणे उचलून त्यांची बोटे पकडीसारखी झाली होती. लोणच्याची बरणी उघडेना, तर शेजारपाजारचे लोक ती आमच्या घरी पाठवत.

एकदा एका घरामागे मीटरपर्यंत जायला वाटच नव्हती. मध्ये पुरुषभर उंचीचा धोंडा होता. बाईंनी वही तोंडात धरली आणि त्या धोंड्यावरून पलीकडे गेल्या. आकडा लिहिला आणि परत आल्या. मग कोणी पाहत नाही असे बघून, काही कारण नसताना, आणखी एकदा चढून आल्या. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस होते.

त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला एक गादी करून द्या."

"कोणासाठी?"

"पडण्यासाठी."

गादीवाल्यांनी आधी हसून घेतले, मग मला करायला घेतले. सगळ्यात महाग मऊ फोम वर घातला. खाली तुकड्यांचा दाबलेला घट्ट फोम. बाहेरून हिरवे रेक्झिन, ट्रकच्या ताडपत्रीचे कोपरे, मध्ये बिजागरीसारखी घडी आणि पाठीवर घ्यायला दोन पट्टे. बायकोची गादी म्हणून शिवण दुहेरी घातली. मी इतकी मऊ झाले होते की आक्काने माझ्यावर हात फिरवून म्हटले, "मला नाही कधी अशी करून दिलीस!"

पहिल्या रविवारी पाण्याच्या टाकीमागे एका गुळगुळीत दगडाखाली मला टाकले. बाई कमरेइतक्या उंचीवरून पडल्या आणि त्यांची टाच माझ्यातून आरपार जमिनीला लागली.

"अहो, ही गादी आहे की चिखल?"

"मऊ आहे म्हणून लागलं नाही," गादीवाले म्हणाले.

"लागलंय! हे बघा!" बाईंनी रागाने मला उचलून फेकले. मी पालथी पडले. त्या रागातच त्या पुन्हा चढल्या, या खेपेस डोक्याइतक्या उंचीवरून पडल्या आणि उठून बसल्या. काही झाले नव्हते. घट्ट थराने धक्का सगळीकडे पसरवला आणि खालच्या मऊ थराने तो गिळून टाकला.

बाईंनी माझ्यावर थाप मारली. "ही उलटीच बरोबर आहे."

गादीवाल्यांना हे पटेना. तीस वर्षे त्यांनी एकच धडा गिरवला होता, मऊ वर आणि घट्ट खाली. ते म्हणाले, "सगळ्या दुनियेत गादी अशीच करतात."

"सगळी दुनिया बसते हो. मी पडणार आहे."

 घरी आल्यावर त्यांनी माझी सगळी शिवण उसवली. हातातले काम त्यांनी असे कधी कोणासाठी उसवले नव्हते. फोम उलटा घातला, पट्टे काढून दुसऱ्या बाजूला दाभणाने टाचले. पहिल्या शिवणीची भोके अजून माझ्या अंगावर आहेत. मला त्यांची लाज वाटत नाही. आपले चुकले हे त्यांनी तोंडाने कधी कबूल केले नाही. सुईने केले.

मग आमचे खरे दिवस सुरू झाले. बाईंचा एक नियम होता. गादी पाठीवर घेऊन घरून चालत निघायचे आणि अर्ध्या तासात दगडापाशी पोचायचे. त्यापेक्षा लांबचा दगड कितीही नावाजलेला असो, तो आपला नाही. लोक सुट्ट्या काढून, गाड्या भरून लांबच्या डोंगरांत जात. बाई म्हणत, "घरामागचं बघितलंय का आधी?" आणि खरोखरच कोणी बघितलेले नसे. कामाच्या निमित्ताने त्या प्रत्येक घराच्या मागच्या बाजूला जात आणि दगड असतात ते मागच्याच बाजूला. दर्शनी बाजूला कोण दगड ठेवते?

नऊ वर्षांत त्यांनी अर्ध्या तासाच्या आत तेवीस दगड शोधले. त्यांची नावेही त्यांनीच ठेवली. पाण्याच्या टाकीमागचा गुळगुळीत तो 'टक्कल'. बस डेपोमागे जुन्या टायरांच्या ढिगाला टेकलेला तो 'कंडक्टर', कारण त्याच्यावर चढताना एका हाताने वरची कड धरून सगळे अंग बाहेर टाकावे लागे. कालव्याच्या पंपघराखाली एक तिरपी शिळा होती. तिच्या कडा अशा धारदार, की बोटे सोलून निघत. पण त्या कधी दगा देत नसत. तिचे नाव बाईंनी 'वन्सं' ठेवले.

हे आक्काच्या कानावर गेले. ती तरातरा घरी आली. "का गं, माझ्यावर पाय देऊन चढतेस म्हणे?"

"हो वन्सं. पण तुम्ही मला एकदाही पडू दिलं नाहीत."

आक्काला रागवायचे होते. तिला हसू आले आणि मग ती जेवूनच गेली. जाताना दारात म्हणाली, "बाई आहे की पाल!" तेव्हापासून घरात बाईंचे नाव पालच पडले.

नवा दगड सापडला की बाई लगेच चढत नसत. आधी घराच्या मालकाला विचारत. मग आठवडाभर, कामावरून येता-जाता, दगड तयार करत. बुटाच्या जुन्या ब्रशने पकडी घासत, शेवाळे काढत, काचा वेचून पिशवीत भरत. पडायच्या जागेवरचे खडे उचलून एका बाजूला ओळीने मांडत. पाखराचा खोपा असला तर तेवढी बाजू सोडून देत. चढून झाल्यावर पांढऱ्या पुडीचे डाग पुसून टाकत. त्या म्हणत, "आपण आलो होतो हे दगडाला कळलं तरी बास. बाकीच्यांना कळायला नको."

आणि चढताना त्यांना पाहावे! मी खालून पाहत असे. सगळे लोक बाईंचा चेहरा ओळखत. मी त्यांच्या टाचा ओळखत असे. ठेंगणी, भरल्या अंगाची बाई, पण पाय टेकवायची तो असा, जणू झोपलेल्या माणसाजवळ तांब्या ठेवते आहे. घाई नाही, झटापट नाही. एकदा 'कंडक्टर'वर त्या सलग अकरा रविवार पडल्या. बाराव्या रविवारी वर पोचल्या आणि वरून काय म्हणाल्या? "अहो, इथून आपल्या घराची गच्ची दिसते. चादर वाळत घातलेली विसरलोय."

गादीवाल्यांचे काम मला हलवण्याचे. बाई उजवीकडे गेल्या की मी उजवीकडे. सुरुवातीला त्यांचे लक्ष बाईंच्या हातांकडे असे आणि मी नेहमी उशिरा पोचे. मग बाईंनी शिकवले. "हातांकडे बघू नका. हात शेवटपर्यंत खोटं बोलतात. कमरेकडे बघा. कंबर पडायच्या आधी सांगते." त्यानंतर गादीवाल्यांनी नऊ वर्षे बायकोच्या कमरेवरून नजर हलू दिली नाही. यावरून आक्का त्यांना काय काय बोलत असे ते मी इथे सांगत नाही.

माझेही कौतुक झाले. शहरातल्या चढाईच्या भिंतीवर सराव करणारी काही मंडळी एकदा 'टक्कल'पाशी आली. त्यांच्या गाद्या परदेशी, झगझगीत. माझ्याकडे बघून त्यांच्यातला एक म्हणाला, "ही बसची सीट कोणी आणली?" तासाभराने तोच आपल्या गादीच्या काठावरून घसरला आणि माझ्यावर येऊन पडला. उठल्यावर त्याने मला दाबून पाहिले. मग गादीवाल्यांना विचारले, "काका, अशी आम्हाला करून द्याल का?" गादीवाल्यांनी त्यांना चार करून दिल्या. फोम कुठला वर आणि कुठला खाली हे त्या चौघांना समजावताना त्यांचा आवाज असा होता, की ही अक्कल त्यांनाच पहिल्यांदा सुचली असावी. बाई शेजारी उभ्या राहून नुसत्या मान डोलवत होत्या.

असे ते दिवस होते. मग तो शुक्रवार आला.

त्यानंतर तीन महिने मला कोणी उलगडले नाही. मित्रांनो, फोमला घडीत ठेवले की घडीच्या जागी तो मरतो. माझ्यावर आधी उश्या आल्या, मग कापडाचे तागे, मग मोडकी इस्त्री. खालच्या कोपऱ्यात उंदराने भोक पाडले. गादीवाले कामाला लागले होते, पण खुर्ची पुरी व्हायला दोनऐवजी पाच दिवस लागत. हॉस्पिटलातून आणलेली बाईंची कामावरची पिशवी खुंटीला होती तशीच होती. तिच्याखालून जाताना ते मान वळवत.

आक्का एकदा साफसफाई करायला आली. मला ओढत म्हणाली, "हिच्या दोन उश्या तरी होतील. उगाच जागा अडलीय."

"आक्का, तिला हात लावायचा नाही."

"अरे, मग करणार काय तू हिचं?"

गादीवाल्यांनी सुई खाली ठेवली. "तो दगड बघायचाय मला. तेवीसच्या तेवीस तिनं मला दाखवले. चोविसावा तिनं एकटीनं बघितला. शेवटचं जे तिला आवडलं, तेवढंच नेमकं मला माहीत नाही. हे मला चालणार नाही."

"मग शोध ना. कोणी धरलंय?"

त्या रविवारी त्यांनी मला झटकले, पुसले आणि पाठीवर घेतले. मला कशाला, असे आक्काने विचारलेच. पण बाईंचा अर्धा तास गादीसकटचा होता. मोकळ्या हाताने चालून तो मोजता येत नाही.

रस्त्यात भेटेल तो विचारी, "काय गादीवाले, झोपायला निघालात?" ते म्हणत, "नाही, उठायला." आणि पुढे जात.

त्यांचे चुकले ते इथे. सगळ्यात चांगला म्हणजे सगळ्यात उंच, असे त्यांनी धरले. म्हणून पहिल्या रविवारी आम्ही बंद पडलेल्या खाणीच्या मागे गेलो. तिथे दोन मजली कडा होता. त्यावर शेवाळे तसेच्या तसे होते. दुसऱ्या रविवारी टेकडीच्या मागच्या अंगाला गेलो. तिसऱ्या रविवारी कालव्याच्या काठाने शेवटच्या पुलापर्यंत. प्रत्येक दगडाखाली ते वाकून पाहत, खडे ओळीने मांडलेले आहेत का. कुठेच नव्हते. तिसऱ्या रविवारी ते 'वन्सं'खाली मला टाकून बसले आणि म्हणाले, "अगं पाली, थोडं तरी सांगायचंस." माझ्याशी बोलत नव्हते. पण तिथे दुसरे कोणी नव्हते.

मग एके दिवशी बाईंच्या ऑफिसातल्या एक मैत्रीण घरी आल्या. त्याही मीटर वाचणाऱ्याच. दारातच उभ्या राहून त्या चुळबुळत होत्या.

"भावोजी, कसं सांगू... ऑफिसचा झाकणाचा आकडा, बॅटरी आणि वही जमा करायचीय. साहेब दोनदा विचारून गेले. मीच पुढं ढकलत होते."

गादीवाले खुंटीकडे बघत राहिले. "तुम्हीच काढा."

मैत्रिणीने पिशवी काढली. आकडा निघाला, बॅटरी निघाली, बुटाचा ब्रश निघाला. ब्रशाच्या केसांत हिरवे शेवाळे वाळून बसले होते. मग वही. मैत्रिणीने सवयीने शेवटचे पान उघडले, आकडे पडताळून पाहू लागल्या आणि थांबल्या.

"हे काय लिहिलंय हिनं? घर नंबर एकशे बारा, मीटर मागच्या अंगणात. आणि पुढे... गादीसकट बावीस?"

गादीवाल्यांनी वही घेतली. बघितली. उठून कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि तो घर नंबर माझ्याच रेक्झिनवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

"हे कुठं आलं?"

"बर्फाच्या कारखान्यामागे. म्हातारे कबुतरवाले राहतात. पण भावोजी, तिथं कसला आलाय दगड? सगळी बैठी घरं आहेत."

रविवारी आम्ही निघालो. बाईंच्या अंदाजाने, त्यांच्या पावलांनी, बावीस मिनिटे. आम्हाला सव्वीस लागली. एकशे बारा नंबरच्या फाटकात एक म्हातारबुवा स्टुलावर बसले होते. खांद्यावर एक कबुतर, मांडीवर दाण्यांचा डबा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले.

"हां, हीच ती गादी! तुम्ही मीटरबाईंचे ना? चांगली माणसं तुम्ही. रविवारी येतो म्हणालात आणि आज चार महिन्यांनी उगवताय? मी त्या रविवारी सकाळपासून पिल्लांचा खुराडा हलवून ठेवला होता. बाईंना सांगा, मी रागावलोय."

गादीवाल्यांनी मला पाठीवरून उतरवले. "ती त्याआधीच्या शुक्रवारी गेली."

"कुठं गेली?"

गादीवाले माझा पट्टा सारखा करत राहिले. तेव्हा म्हातारबुवांना कळले. मग ते उठले, स्टूल गादीवाल्यांकडे सरकवले आणि स्वतः उभे राहिले. खांद्यावरचे कबुतर तेवढे इकडून तिकडे फिरत होते.

"आठवडाभर येत होती," म्हातारबुवा म्हणाले. "रोज अर्धा तास. मी म्हटलं, बाई, तुम्ही मीटर वाचायला येता की माझा दगड धुवायला? तर म्हणाली, मीटर ऑफिसचा, दगड घरचा. चला, दाखवतो."

मागच्या अंगणात, खुराड्यांच्या पलीकडे, तो होता. मित्रांनो, मी उंच उंच दगड पाहिले आहेत. हा बुटका होता. गादीवाल्यांच्या दीडपट, बस्स. जरासा मागे कललेला, टेकून बसलेल्या म्हशीसारखा. वेल काढून टाकलेली होती. पायाशी खडे ओळीने मांडलेले होते. आणि अंगावर सहा पकडी, कपाटाच्या खणाला हात घालावा इतक्या खोल, घासून लख्ख केलेल्या.

गादीवाले त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "हा सगळ्यात चांगला? हा तर ती एका दमात चढली असती."

"चढलीच नाही," कबुतरवाले म्हणाले. "मी म्हटलं, चढून तर दाखवा. तर म्हणे, हा माझा नाही."

गादीवाले जवळ गेले. पहिल्या पकडीवर त्यांनी हात ठेवला. ती बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला होती. दुसरी त्याच्या वर, वीतभर उजवीकडे. त्यांनी दुसरा हात नेला; तोही बरोबर पोचला. बाई त्यांच्या खांद्याइतक्या. बाईंचा हात तिथे पोचलाच नसता.

"ही एवढ्या वरची तिनं घासली कशी?"

"तेच फाटकातलं स्टूल घेतलं माझं. मीही तेच विचारलं, बाई, एवढ्या लांब लांब कशाला घासताय? तर म्हणाली, आमच्या ह्यांचे हात लांब आहेत."

गादीवाल्यांनी हात खाली घेतले. "मी कधी म्हटलं होतं मला चढायचंय म्हणून?"

"ते मला काय विचारता? मी कबुतरं पाळतो."

मित्रांनो, एक गोष्ट मी आतापर्यंत कोणाला सांगितलेली नाही. अगदी सुरुवातीला, बाईंच्या आग्रहावरून, गादीवाले एकदा 'टक्कल'वर चढले होते. गुडघाभर उंचीवर गेले आणि दगडाला चिकटूनच बसले. खाली यायला त्यांना दहा मिनिटे लागली. बाईंनी पुन्हा कधी चढा म्हटले नाही. पण बाई वरच्या बाजूने उतरून, वळसा घालून परत येईपर्यंत दोन-चार मिनिटे जात. तेवढ्यात गादीवाले हळूच खालच्या पकडींवर हात ठेवून बघत. बोटे कुठे बसतात, अंगठा कुठे लागतो, ते पाहत. बाईंची चाहूल लागली की हात खिशात. नऊ वर्षे हे चालले होते. मला वाटत होते, फक्त मलाच माहीत आहे.

त्या दिवशी त्यांनी मला दगडाखाली अंथरले. चारी कोपरे दाबून पाहिले. घडीची जागा मध्ये येणार नाही अशी फिरवली. जोडे काढले. मग कबुतरवाल्यांना म्हणाले, "बाबा, एक काम कराल? माझ्या हातांकडे बघू नका. कमरेकडे बघा. ती मागे जायला लागली की ओरडा."

"ओरडून काय होणार? मला काही धरता येणार नाही. गुडघे गेलेत माझे."

"धरू नका. नुसतं ओरडा. धरायला ही आहे."

ते चढले. दुसऱ्या पकडीवर कबुतरवाले ओरडले, सगळी कबुतरे फडफडत उडाली आणि गादीवाले माझ्यावर पडले. दहा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच पडले. ज्यांनी मला शिवले, त्यांचे वजन मला ठाऊक नव्हते. चांगले भक्कम आहे. माझ्या मेलेल्या घडीतून ते थोडे जमिनीला टेकले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

घरी आल्यावर त्यांनी माझी शिवण पुन्हा उसवली. घडीतला मेलेला फोम कापून काढला, तिथे नवा भरला, उंदराच्या भोकावर ताडपत्रीचे ठिगळ लावले. घट्ट थर वर, मऊ खाली. या वेळी कोणाला विचारावे लागले नाही. आता मला रोज रात्री उलगडून आडवी ठेवतात.

आता दर रविवारी आम्ही एकशे बारा नंबरला जातो. एकदा आक्काही आली. "या वयात हातपाय मोडून घे, मी नाही हो करायला येणार," असे बजावत आली आणि भाऊ चढायला लागल्यावर माझी एक कड दोन्ही हातांनी अशी घट्ट धरून बसली, की जणू मी पळूनच जाणार होते. कबुतरवाल्यांना आता कंबर कळू लागली आहे. ते पुष्कळ आधी ओरडतात. कबुतरे मात्र अजून सरावलेली नाहीत.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, म्हणून दोन शब्द सांगते. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर तिला घडीत कोंडून ठेवू नका. तिच्यावर ओझे रचू नका. ओली झाली तर सावलीत वाळवा. तिच्या पोटात काय झिजले आहे ते वर्षातून एकदा तरी उघडून बघा. आणि लांबच्या दगडांची चौकशी करण्याआधी आपल्या घरापासून अर्धा तास चालून या. मालकाला विचारा. खोपा सोडून द्या. काच दिसली तर उचला. तुमच्या शेजारी जो माणूस गादी धरून उभा असतो, त्याच्या हातांकडेही एकदा बघा. आमच्या बाईंनी बघितले होते.

दगडावर सहा पकडी आहेत. गादीवाल्यांचा हात चौथीपर्यंत पोचला आहे. पाचवी आणि सहावी अजून व्हायच्या आहेत.